तीनदा बंद दार : एका शाळा-समुपदेशकाच्या वेळापत्रकाचं प्रकरण

"त्यो पोरगा तीनदा येऊन गेला बघा मॅडम. तुमच्या दाराला कुलूपच."

शिपाईमामा हातात पाण्याचा जग घेऊन जाता जाता बोलले आणि पुढे गेले. समुपदेशक मॅडमनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. मुलगा आठवीतला. शुक्रवारी आला तेव्हा मॅडम सातवी ब मध्ये बदली तासावर होत्या. शनिवारी सकाळच्या शाळेत आला तेव्हा त्या ऑफिसात यूडायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, मुलांच्या आधार नोंदी जुळवत बसल्या होत्या. मंगळवारी, आषाढीच्या आदल्या दिवशी, बालदिंडीत पाचवीच्या पोरांच्या डोक्यावरची तुळस सांभाळत ग्राउंडवर होत्या. चौथ्यांदा तो आला नाही. दोन-अडीच आठवड्यांनी त्याला आणलं गेलं. वर्गात एकाशी मारामारी केली, मग तास चालू असताना जिन्यात जाऊन बसला, म्हणून पर्यवेक्षक सरांनी "जरा समजावून सांगा" असं म्हणत पाठवला होता. स्वतःच्या पायाने तीनदा आलेला मुलगा शेवटी शिक्षा म्हणून त्या खोलीत पोचला.

मी शाळांमधल्या समुपदेशकांच्या कामाची देखरेख करते. म्हणजे महिन्यातून एकदा त्यांच्यासोबत बसून त्यांच्या अडचणी ऐकते. या शाळेचं काम २०२४-२५ या वर्षातलं आहे. शाळेचं नाव देत नाही. मुलाचे आणि माणसांचे तपशील ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. तारखा, तास आणि भांडणं मात्र जशीच्या तशी आहेत.

शाळा

कोल्हापूर शहरातली जुनी अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी, साधारण चौदाशे मुलं. काही पेठांतली, काही नदीकाठची, बरीचशी उचगाव-शिरोलीकडून केएमटीने, म्हणजे शहर बसने, येणारी. समुपदेशकाचं मंजूर पद नाही. संस्थेने स्वतःच्या खर्चाने, अकरा महिन्यांच्या करारावर मॅडमना नेमलेलं. हा कराराचा मुद्दा पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगते. ज्याचा करार दर मे महिन्यात संपतो, तो माणूस जुलैत कुणालाच नाही म्हणत नाही.

अमेरिकेतल्या शाळा-समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस दर २५० मुलांमागे एक समुपदेशक अशी आहे, आणि त्याचा ८० टक्के वेळ मुलांच्या थेट किंवा मुलांसाठीच्या कामात जावा अशीही. चौदाशेला एक हे प्रमाण घेऊन त्या आकड्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. शाळा दुसरा माणूस नेमणार नव्हती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं सांगितलं, तेव्हा इथल्या काही संस्थाचालकांचे मला फोन आले. माणूस नेमा हे निकाल सांगतो. नेमलेल्या माणसाला सातवी ब च्या बदली तासावर पाठवायचं की नाही, हे शाळेलाच ठरवावं लागतं.

मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावलं ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांचं म्हणणं, "मॅडम चांगल्या आहेत, पण कामाचं नियोजन जमत नाही. तुम्ही जरा टाइम मॅनेजमेंट शिकवा."

नोंद

मी शिकवलं काहीच नाही. एक वही दिली. ऑगस्टच्या सुरुवातीपासून, सुट्ट्या वगळून, ९० तासिका भरेपर्यंत प्रत्येक तासिकेपुढे एक खूण करायची. मुलाचं नाव नाही, विषय नाही, फक्त कामाचा प्रकार. सोमवार ते शुक्रवार आठ तासिका, शनिवारी पाच, म्हणजे आठवड्याच्या ४५. दोन आठवडे भरले की बेरीज.

बदली तास ३१. पोर्टल आणि फॉर्म १७. कार्यक्रमांची तयारी ९. सभा आणि बैठका ८. "समजावून सांगा" म्हणून पाठवलेली पोरं ६. स्वतःहून आलेल्या किंवा ठरवून बोलावलेल्या मुलांशी बोलणं ११. पालक ५. स्वतःच्या नोंदी लिहिणं ३.

शेवटचे तीन आकडे मिळवले की १९ होतात. नव्वदातले एकोणीस, म्हणजे पाचवा हिस्सा. अमेरिकेतल्या त्या ऐंशी-वीसच्या हिशोबाची आपण नेमकी उलटी पंगत मांडली होती.

बेरीज पाहून मॅडमना हुंदका फुटला, आणि लगेच त्यांनी स्वतःच्याच बाजूने खुलासे द्यायला सुरुवात केली. दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत, तिघे बीएलओ, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामावर, आहेत, मी नाही गेले तर वर्ग उघडा पडतो, पोरं दंगा करतात, सरांना वरून बोलणी बसतात. यातलं काहीच खोटं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना लावू नये असं म्हणतं. म्हणजे निवडणुकीच्या कामाला शिक्षक जाणारच. त्या वर्षी नोव्हेंबरात विधानसभा होती. शिक्षक मतदारयाद्यांवर गेले की वर्गात जायला उरतं कोण? जिच्या नावाने फलकावर एकही तास लिहिलेला नाही ती.

मला या प्रकरणातली खरी गाठ इथे सापडली. पर्यवेक्षक सरांच्या खोलीतल्या मोठ्या वेळापत्रकात सगळ्या शिक्षकांच्या ओळी रंगीत चौकोनांनी भरलेल्या होत्या. समुपदेशकाची ओळच नव्हती. सर रोज सकाळी बदली तास लावताना "रिकामं कोण" हे त्या तक्त्यावर शोधायचे, आणि ज्याची ओळ नाही तो त्यांच्या लेखी दिवसभर रिकामा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आमचं काम गुप्त असतं, आणि ते न दिसलेलंच बरं अशी आमची सवय. पण गुप्त ठेवायचं असतं ते मुलाचं बोलणं. काम किती तास चाललं हे लपवायची काही गरज नव्हती, आणि आम्ही दोन्ही एकाच कुलपात ठेवून बसलो होतो.

पहिला आराखडा, आणि माझी चूक

मी पहिला आराखडा केला तो दिसायला देखणा होता. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस चौकोन भरलेले. वैयक्तिक भेटी निळ्या, गटातलं काम हिरवं, पालक पिवळे, नोंदी राखाडी. सोमवार, १९ ऑगस्टला तो सरांच्या खोलीत लागला. मला वाटलं, ओळ भरली की झालं.

दुसऱ्याच दिवशी बदलापूरला शाळेतल्या लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या निषेधात लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक शाळेला आदेश येऊ लागले: सीसीटीव्ही, तक्रार पेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची माहिती. इतिवृत्तं लिहायची, फोटो काढायचे, अहवाल त्याच दिवशी पाठवायचे. हे काम समुपदेशकाकडे जाणं एका अर्थी योग्यच होतं, मुलांच्या सुरक्षेचंच काम ते. शिवाय त्या दिवसांत पालकही घाबरून येत होते, आणि पाचवी-सहावीच्या मुलींच्या आया गेटवर थांबून मॅडमना विचारत होत्या, "आमच्या पोरीला काय सांगायचं ओ आम्ही?" हे प्रश्न पिवळ्या चौकोनात मावणारे नव्हते.

नऊ शाळेच्या दिवसांत आराखडा मोडला. सरांनी पहिले चार दिवस तो पाळला, पाचव्या दिवशी विचारलं, "आजचा निळा चौकोन चालू आहे का?" मॅडम ऑफिसात अहवाल लिहीत होत्या. मग त्यांनी सहाव्या दिवसापासून विचारणं सोडलं.

चूक माझी होती. एकही रिकामी जागा न ठेवता वेळापत्रक केलं की पहिल्या धक्क्याला सगळंच घसरतं. कोल्हापुरात राहून मला हे सुचू नये याचं नंतर हसू आलं. पूररेषेच्या आत इंचन् इंच बांधून काढायचं आणि पाणी आल्यावर नदीला नावं ठेवायची, तसलाच प्रकार.

आणखी एक चूक उशिरा कळली. मी प्रत्येक मुलाची भेट दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या तासिकेला लावली होती. नववीतल्या एका मुलीचा सलग तीन आठवडे गणिताचाच तास बुडाला असता. गणिताच्या बाई सरळ म्हणाल्या, "तिला टेन्शन कशाचं आहे ते सांगू का? गणिताचं. आणि तुम्ही तिचं गणितच बुडवताय." मला उत्तर देता आलं नाही. पुढे आम्ही भेटी सरकत्या ठेवल्या: पहिल्या आठवड्यात दुसरी तासिका, पुढच्या आठवड्यात तिसरी, मग चौथी. एका विषयावर महिन्यात एकापेक्षा जास्त गदा येणार नाही. दहावीच्या मुलांना भाषा-गणित-विज्ञानाच्या तासाला बोलवायचंच नाही, बोलणं तातडीचं असेल तर गोष्ट वेगळी.

सरांशी सौदा

गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सरांसमोर मी ती नव्वद तासिकांची बेरीज ठेवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "एकतीस? मला वाटलं दहा-बारा असतील." मग थोड्या वेळाने, "पण मॅडम, हे एकतीस वर्ग मी कुणाच्या गळ्यात घालू?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. "बदली तास पूर्ण बंद" अशी मागणी मी केली असती तर ती तिथल्या तिथे मान्य झाली असती आणि दुसऱ्या दिवशी विसरली गेली असती. म्हणून सौदा केला. आठवड्याला सहा बदली तास मॅडम घेतील. पण फक्त पाचवी ते सातवीचे, आणि कुठली तासिका ते आठवड्याच्या सुरुवातीलाच ठरेल. त्या तासात त्या पोरांना गप्प बसवणार नाहीत. राग आल्यावर काय करायचं, नको म्हणायचं कसं, मित्राला मदत कधी मागायची, अशी जीवनकौशल्यांची ठरलेली मालिका घेतील. सरांना वर्ग सांभाळलेला मिळाला. मॅडमना पाचवी-सहावीची पोरं चेहऱ्याने ओळखीची झाली. सातव्या बदली तासाची वेळ आली तर सर स्वतः जातील. हे शेवटचं त्यांनीच सुचवलं, आणि नोव्हेंबरात दोनदा खरंच गेले.

पोर्टलच्या कामावर तीन तासिकांची मर्यादा घातली. ऑफिसातल्या लिपिकभाऊंना ते आवडलं नाही. त्यांनी मला चहा पाजत ऐकवलं, "मॅडमचं टायपिंग फास्ट आहे ओ. आमचं काय, एका बोटानं." त्याला माझ्याकडे काही तोडगा नव्हता, आणि आजही नाही. त्यांच्यावर काम वाढलं हे खरं आहे.

मारामारी, उशिरा येणं, मोबाइल सापडणं यासाठी पोराला समुपदेशकाकडे पाठवणं थांबवलं. शिस्त सरांची. सरांना मुलगा नुसता दंगेखोर वाटला नाही, काहीतरी बिनसलंय असं वाटलं, तर तोंडी सांगायचं. मॅडम त्याला दोन-तीन दिवसांनी, दुसऱ्या निमित्ताने बोलावतील. शिक्षा आणि बोलणं यांच्यात एवढं अंतर हवंच.

स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनावरून मात्र माझं आणि मॅडमचं वाजलं. मी ते यादीतून खोडलं. त्यांनी परत लिहिलं. मला वाटलं, आवडीचं काम सोडवत नाही. त्या म्हणाल्या, "मॅडम, स्टेजवर बघितल्याशिवाय आठवी-नववीची पोरं माझ्याकडं येत नाहीत. त्यांना आधी कळायला लागतं की ही बाई हसते." डिसेंबरात संमेलन झालं. पुढच्या पंधरवड्यात पहिल्यांदाच दार ठोठावणारी जितकी मुलं आली तितकी आधीच्या दोन महिन्यांत आली नव्हती. मी तो तास "वाया" या रकान्यात घातला होता. आता "थेट काम" मध्ये घालायचा का, याचा विचार करते.

दुसरा आराखडा

आठवड्याच्या ४५ तासिका अशा वाटल्या. ठरलेल्या भेटी १४. बदली तास ६. पालक ४, आणि त्यातल्या दोन दुपारी उशिराच्या, कारण शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला असलेला बाप सकाळी अकराला कुठून येणार? नोंदी ४. सभा-समित्या-कार्यक्रम ४. पोर्टल ३. आणि राखीव १०.

या राखीव दहा तासिकांसाठी मी सगळ्यात जास्त भांडले. सोमवार ते शुक्रवार, तिसरी आणि सहावी तासिका, शिवाय मधली सुट्टी. त्या वेळात मॅडम खोलीतच असणार, दार उघडं असणार, कुणी आलं नाही तरी. तक्त्यावर त्या चौकोनात "राखीव" असा शब्द लिहिला. पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांनी विचारलं, "म्हणजे बसून राहायचे पैसे?" रुग्णालयातली अपघात विभागाची खाट रिकामी असते तेव्हा तिला कुणी आळशी म्हणत नाही, असं उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. दिलं नाही. तासाभराने त्यांच्याच वर्गातली एक मुलगी त्या राखीव वेळात आली, पण ते मला त्यांना सांगता येत नव्हतं. या कामात असंच होतं. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्हालाच दाबून ठेवावा लागतो.

राखीव वेळात मॅडमनी काय करायचं, हा साधा वाटणारा प्रश्न निघाला. लिहीत बसलं तर मुलं दारातून "मॅडम बिझी आहेत" म्हणून परत जातात. मोबाइल पाहत बसलं तर वाईट दिसतं. त्यांनी ग्रंथालयातली फाटकी गोष्टीची पुस्तकं आणली आणि त्यांना कव्हर घालायला घेतली. ब्राऊन पेपर, कात्री, डिंक. पोरं मदतीला म्हणून आत यायला लागली. कव्हर घालता घालता, पुस्तकाकडे बघत, समोरच्या माणसाच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं. ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवल्याचं मला आठवत नाही.

बोलावण्याची पद्धतही बदलली. आधी मामा वर्गाच्या दारात उभे राहून मोठ्याने सांगायचे, "अमक्याला समुपदेशक मॅडमनी बोलावलंय," आणि वर्गभर खसखस पिकायची. आता ऑफिस, ग्रंथालय, क्रीडा विभाग आणि समुपदेशक, सगळ्यांची एकाच रंगाची एकसारखी चिठ्ठी: "दुसऱ्या तासानंतर ऑफिसकडे यावे." कुणाला फी बाकी, कुणाला फुटबॉलचं किट, कुणाला मॅडम. नववीतल्या एका मुलीने पहिल्या भेटीत अस्सल कोल्हापुरी ढंगात सांगितलं, "मी सगळं सांगतो मॅडम, पण वर्गात कुणाला कळाय नको." चिठ्ठीमुळे निदान तेवढं जपता आलं.

तक्रार पेटी आणि या चिठ्ठ्या यांची सरमिसळ मात्र होऊ दिली नाही. पेटी समितीसमोर उघडायची, तिची नोंद व्हायची. "मला तुमच्याशी बोलायचंय" एवढंच सांगणाऱ्या मुलासाठी दाराच्या आतल्या बाजूला एक साधा लाकडी डबा ठेवला.

सगळ्या आराखड्याच्या वर एक ओळ लाल शाईत होती. मुलगा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, घर सोडून जाण्याबद्दल बोलला, किंवा त्याच्यावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर त्या क्षणी बाकी सगळं बाजूला. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे पॉक्सोत, कलम १९ प्रमाणे अशी माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यावीच लागते, आणि न देणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. "आधी संस्थेत चर्चा करू" म्हणायला तिथे जागा नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे दोन नंबर तक्त्याच्या खालीच लिहून ठेवले, कारण त्या वेळी फोनमध्ये नंबर शोधायला हात थरथरतात. बदली तासावर असताना असं काही आलं तर वर्ग कोण घेणार, हेही नावानिशी ठरवलं: पहिले सर, ते नसतील तर मुख्याध्यापिका बाई. हे कागदावर उतरवायला पाच मिनिटं लागली आणि त्यावर एकमत व्हायला दीड तास.

कोल्हापूरचं वर्ष

आठवड्याचा तक्ता झाल्यावर मॅडमनी वर्षाचा काढला. माझी त्यात फार मदत नव्हती. जूनमध्ये दहावी झालेल्यांची अकरावीची धावपळ. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिली सत्र परीक्षा. नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी आणि त्याला लागून निवडणूक. थंडीत पेठांच्या फुटबॉलचा मोसम, तेव्हा काही मुलं संध्याकाळी तालमीकडे पळतात आणि अभ्यासाची तक्रार घेऊन पालक येतात. त्या वर्षी बोर्डाच्या परीक्षा लवकर होत्या, दहावी २१ फेब्रुवारीलाच, म्हणजे पूर्वपरीक्षा आणि झोप उडालेली पोरं जानेवारीतच.

आणि जुलै-ऑगस्ट. तिथे त्यांनी निळ्या पेनाने "पाणी" असं लिहिलं आणि ठरलेल्या भेटी निम्म्यावर आणून राखीव तास दुप्पट केले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. शहरातल्या प्रत्येक घरात हे दोन आकडे पाठ असतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. शाळांचे हॉल निवारा केंद्रं होतात. आपलं कुणी काही गमावलेलं नसलं तरी टीव्हीवर पातळीचा आकडा आला की घर गप्प होतं, हे मोठ्यांना माहीत आहे. मुलांचं कुणी फारसं विचारत नाही.

तो आठवीतला मुलगा सुतारवाड्याच्या बाजूचा होता. पाणी चढायला लागलं की शहरात पहिल्यांदा तिथली कुटुंबं हलवतात. २०१९ ला तो सात वर्षांचा होता, २०२१ ला नऊ. जुलै २०२४ च्या उत्तरार्धात नदी पुन्हा धोका पातळीच्या वर गेली, तेव्हा त्याच्या घरच्यांना आठवडाभर नातेवाइकांकडे राहावं लागलं. तो मॅडमच्या दाराशी पहिल्यांदा आला होता तो त्याआधी, नुसता पाऊस सुरू झालेला असताना. ऑगस्टमध्ये "शिक्षा" म्हणून आला त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या भेटीत म्हणाला, "रात्री मी एकटाच जागा असतोय. बाकी सगळी झोपत्यात." दप्तर आणि घरातल्या कागदांची पिशवी उशाला घेऊन तो झोपायचा. आईने ती पिशवी कपाटात ठेवली की पुन्हा काढायचा. घरात यावर विनोद व्हायचे.

त्याच्याशी झालेलं बोलणं इथे लिहिण्याचं कारण नाही. वेळापत्रकाच्या दृष्टीने एवढंच महत्त्वाचं की पहिल्या तीन भेटी लागोपाठच्या तीन दिवसांत व्हायला हव्या होत्या आणि जुन्या पद्धतीत त्या झाल्या नसत्या. मॅडमनी त्यासाठी दोन बदली तास स्वतःहून सोडले. त्या वेळी कसला सौदा झालेला नव्हता. सर चिडले होते. तेच सर नंतर जानेवारीच्या बैठकीत म्हणाले, "त्या पोराचं तेवढं वेळेवर झालं." कुणाचं, ते कुणी विचारलं नाही.

जानेवारीची नोंद

पुन्हा वही, पुन्हा ९० तासिका. बदली १२. पोर्टल ६. कार्यक्रम ७. सभा ८. शिस्तीसाठी पाठवलेली पोरं २, म्हणजे सवय पूर्ण गेलेली नाही. मुलांशी बोलणं २९. पालक ९. नोंदी ८. राखीव ठेवलेल्या पण कुणी न आलेल्या ९.

मुलं, पालक आणि नोंदी मिळून ४६. नव्वदातले निम्म्याहून एक जास्त. बारा बदली तासांतली जीवनकौशल्यं यात धरायची का, यावर मॅडमचं आणि माझं एकमत झालं नाही. त्या धरा म्हणतात. मी धरत नाही, कारण पुढच्या वर्षी दुसरं कुणी त्या तासांत फक्त हजेरी घेईल आणि आकडा तसाच दिसेल.

बैठकीत चर्चा अर्थातच त्या नऊ तासिकांवर अडली. "नऊ तास कुणी आलं नाही, मग ते बदलीला देऊ या का?" मुख्याध्यापिका बाईंनी प्रामाणिकपणे विचारलं. राखीव वीसांपैकी अकरा तासांत मुलं आली होती, हे मी सांगितलं. तरी पटलं नाही. तेव्हा मॅडमनी मामांना आत बोलावलं आणि विचारलं, "मामा, या महिन्यात किती पोरं कुलूप बघून परत गेली?"

मामा जरा विचारात पडले. "एक. तेबी शनवारी, तुमी रजेवर होता तवा."

राखीव तास राहिले. पाचऐवजी चार दिवसांपुरते, म्हणजे दहाऐवजी आठवड्याला आठ. बुधवारचे दोन सरांनी घेतले. फेब्रुवारीत दहावीची परीक्षा सुरू झाली तशी पर्यवेक्षणाची कामं आली आणि त्या आठातलेही काही गेले. मॅडमनी ते तक्त्यावर खोडले नाहीत. "राखीव" वर पेन्सिलीने "परीक्षा" लिहिलं, म्हणजे संपल्यावर पुसता येईल. शहरातल्या समाजकार्य महाविद्यालयाची दोन मुलं क्षेत्रकार्यासाठी जूनपासून आठवड्यातून दोन दिवस येतील असंही ठरलं. त्यांना बदली तासाला पाठवायचं नाही, ही अट पत्रातच लिहिली आहे.

मॅडमचा करार मेअखेर संपत होता. नूतनीकरणाच्या अर्जाला त्यांनी ऑगस्ट आणि जानेवारी अशा दोन्ही बेरजांची पानं जोडली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच अर्जाच्या शेवटी "आपली नम्र" च्या वर एक मागणी लिहिली: पर्यवेक्षकांच्या खोलीतल्या मुख्य वेळापत्रकात समुपदेशकाची ओळ छापील असावी, हाताने लिहिलेली नको.